२०२४ मधले माझे आवडते चित्रपट: एका संकलकाचं उत्तर

प्रश्न असा आहे: २०२४ मधले तुमचे स्वतःचे आवडते चित्रपट कोणते? पुरस्कारांची यादी आम्हाला माहीत आहे, ती नको. संकलनाचं काम करणाऱ्या माणसाला त्यांत काय दिसलं ते सांगा.

आधी नावं देऊन टाकतो, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय त्यांची सुटका. पहिला 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'. दुसरा 'निकल बॉइज'. तिसरा 'आयम स्टिल हिअर'. त्यांच्या मागे, क्रम न लावता, 'फ्लो', 'कोट्टुकाळी', 'अनोरा' आणि 'द सीड ऑफ द सेक्रेड फिग'. 'लापता लेडीज' मनापासून आवडला, पण वेगळ्या कारणासाठी. 'द ब्रूटलिस्ट' निम्मा आवडला, आणि निम्म्या आवडलेल्या चित्रपटावर बोलायला जास्त मजा येते, म्हणून त्यावरही लिहितो.

वर्ष कसं मोजलं? जो चित्रपट २०२४ मध्ये पहिल्यांदा जगासमोर आला किंवा त्या वर्षी थिएटरात लागला, तो माझ्या हिशेबात बसतो. हा नियम काटेकोर नाही आणि तसा असूही शकत नाही. छत्रपाल निनावे यांचा 'घात' बर्लिन महोत्सवाच्या पॅनोरमा विभागात २०२३ ला दाखवला गेला आणि थिएटरात आला सप्टेंबर २०२४ मध्ये. आदिनाथ कोठारे यांच्या 'पाणी'ला २०१८ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत पर्यावरणविषयक सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला होता. प्रेक्षकांना तो दिसला ऑक्टोबर २०२४ मध्ये. मधली वर्षं तो चित्रपट कुठल्या सालचा म्हणायचा? मराठी चित्रपटांची वार्षिक यादी करताना हा घोळ दरवेळी होतो. कॅलेंडरपेक्षा वितरकाची मर्जी तिथे जास्त चालते.

आता माझा निकष. एडिट टेबलावर सर्वांत जास्त भांडणं होतात ती शॉट किती वेळ धरायचा यावरून. कथा, संवाद, अभिनय यांवरचे वाद बहुतेक शूटिंगआधीच मिटलेले असतात. टाइमलाइनसमोर बसल्यावर उरतो तो एकच प्रश्न: कट आत्ता मारायचा की थांबायचं? निर्मात्याला सगळंच लांबलेलं वाटतं. दिग्दर्शकाला आणखी दोन सेकंद हवे असतात, कारण ते दोन सेकंद मिळवायला त्याने अख्खा दिवस घालवलेला असतो. आणि संकलकाला दोघांचंही पटत असतं. गेली काही वर्षं हा वाद निर्मात्याच्या बाजूने सुटत आलाय. मोबाइलवर बघणारा प्रेक्षक सुटून जाईल या धास्तीने सगळेच कात्री लवकर चालवतात. दोन माणसं बोलताहेत, तर जो बोलतो त्याचा क्लोजअप, मग दुसऱ्याचा, मग परत पहिल्याचा. ऐकणाऱ्याचा चेहरा बघायला कुणाला वेळच नाही.

२०२४ मधले मला आवडलेले बहुतेक चित्रपट या घाईला बधले नाहीत. काही ठिकाणी ते थांबले, काही ठिकाणी त्यांनी दाखवायचंच नाकारलं. दोन्हीला छाती लागते. (पुढे कथेतले तपशील येतील. ज्यांना कोरं राहायचंय त्यांनी इथे वाचन थांबवावं.)

पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात ग्राँ प्री मिळाली, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान. १९९४ च्या 'स्वाहम'नंतर तीस वर्षांनी भारतीय चित्रपट तिथल्या मुख्य स्पर्धेत होता. हे सगळं बातम्यांत येऊन गेलंय. बातम्यांत न आलेली गोष्ट म्हणजे त्यातला राइस कुकर.

प्रभा ही मुंबईतल्या रुग्णालयात काम करणारी मल्याळी परिचारिका. कनी कुसृती यांनी तिची भूमिका केली आहे. लग्न झाल्यावर लगेच नवरा जर्मनीला गेला आणि हळूहळू फोनही बंद झाले. एके दिवशी घरी पार्सल येतं. आत लालभडक नवाकोरा राइस कुकर. चिठ्ठी नाही, पाठवणाऱ्याचं नाव नाही. सोबत राहणारी अनू थट्टा करते, प्रभा तो उचलून आत ठेवून देते. मग रात्री, पावसात, ती जमिनीवर बसते आणि त्या कुकरला जवळ घेते. एवढंच. संगीताचा कढ नाही, डोळ्यांतून पाणी नाही, चेहऱ्यावर झेपावणारा कॅमेरा नाही. हाच प्रसंग एखाद्या नेहमीच्या संकलकाच्या हाती आला असता तर त्याने नवऱ्याच्या फोटोचा एक शॉट मध्ये घातलाच असता, 'प्रेक्षकाला कळायला हवं' म्हणून. प्रेक्षकाला कळतं. एका बाईने भांड्याला मिठी मारली की त्याचा अर्थ सांगायला लागत नाही.

या चित्रपटाचे दोन भाग आहेत. पहिला शहरातला: रात्र, पाऊस, लोकल, निळसर उजेड. सुरुवातीला तर पात्रंही नाहीत. रस्ते, बाजार, गाड्या दिसतात आणि वेगवेगळ्या भाषांतले आवाज या शहरात आपण कसे आलो ते सांगतात. कपाडिया यांची आधीची फिल्म माहितीपट होती आणि तिला २०२१ मध्ये कानचा माहितीपटांसाठीचा पुरस्कार मिळाला होता. तो हात इथे ओळखू येतो. दुसरा भाग रत्नागिरीकडच्या समुद्राकाठी. तिथे दिवस आहे, झाडं आहेत, माणसांना एकमेकांकडे बघायला वेळ आहे. भाग बदलल्यावर संकलनाची चालही बदलते. शहरात दृश्यं तुटक येतात, कुठलीच बाई धड एका जागी टिकत नाही. गावात शॉट पाय पसरून बसतो.

या दुसऱ्या भागात समुद्रातून वाचवलेल्या एका अनोळखी माणसाशी प्रभा बोलते, आणि बोलता बोलता तो तिचा नवराच आहे असं दृश्य सुरू होतं. स्वप्न आहे का? भास आहे का? सांगत नाहीत. अशा जागी डिझॉल्व्ह (एक दृश्य दुसऱ्यात विरघळणं), धूसर कडा, आवाजाला घुमारा वगैरे खुणा करायची पद्धत आहे. इथे यातलं काही नाही. साधा कट मारून आपण त्या संभाषणात असतो. संकलक क्लेमाँ पँतो यांचं मला या एका निर्णयासाठी फार कौतुक वाटतं. खूण केली असती तर प्रभाने मनातल्या मनात काय केलं ते आपल्याला 'समजलं' असतं. न केल्यामुळे आपण ते तिच्यासोबत करतो.

छाया कदम यांच्याबद्दल वेगळं लिहायलाच हवं. त्यांची पार्वती रुग्णालयात स्वयंपाक करते. बिल्डर तिला राहत्या घरातून हुसकावतोय आणि त्या जागेवर आपला हक्क दाखवायला तिच्याकडे कागद नाहीत. बिल्डरच्या जाहिरात फलकावर प्रभा आणि ती दगड मारतात तो प्रसंग पाहा: दोन प्रौढ, कामावरून दमून आलेल्या बायका, आणि शाळकरी पोरींसारखा नेम. त्याच वर्षी 'लापता लेडीज'मध्ये स्टेशनवरची मंजू माई त्यांनीच केली आणि 'मडगाव एक्स्प्रेस'मध्ये कंचन कोंबडीही त्याच. 'फँड्री' आणि 'सैराट'पासून त्यांना पाहणाऱ्या मराठी प्रेक्षकाला त्यात नवल नव्हतं. बाकीच्या जगाला त्या वर्षी कळलं. संकलकाच्या नजरेने सांगतो: त्यांचं ऐकणं कापता येत नाही. समोरचा बोलत असताना त्यांच्या चेहऱ्यावर इतकं चालू असतं की बोलणाऱ्यावर कट मारावासाच वाटत नाही.

'लापता लेडीज'चा विषय निघालाच आहे तर तो इथेच संपवतो. किरण राव यांचा हा चित्रपट घाईचा नाही, पण थांबणाराही नाही. तो बेताने चालतो. आगगाडीत घुंघटामुळे दोन नववधूंची अदलाबदल होते, ही कल्पना प्रहसनाची. ती फार्सकडे न झुकू देता दोन तास हलकी ठेवणं हे काम दिसतं त्याहून अवघड आहे. विनोदात कट दोन फ्रेम उशिरा पडला तरी हसू जातं. रवी किशन यांच्या पोलीस अधिकाऱ्याचे सगळे प्रसंग त्यासाठी परत पाहा. पान चघळत तो जितका वेळ घेतो, तेवढाच वेळ संकलनाने त्याला दिला आहे. ऑस्करसाठी भारतातर्फे हा गेला आणि 'ऑल वी इमॅजिन...' गेला नाही, यावर बराच धुरळा उडाला. मला त्या वादात रस नाही. दोन्ही चांगले आहेत आणि दोन्ही एका तराजूत घालायचे नाहीत.

आता 'निकल बॉइज'. हा बघताना माझ्यातला प्रेक्षक आणि माझ्यातला संकलक दोघंही जागे होते, असं क्वचित होतं.

कोलसन व्हाइटहेड यांच्या पुलित्झर मिळालेल्या कादंबरीवरून रॅमेल रॉस यांनी तो केला. फ्लोरिडातलं डोझिअर नावाचं मुलांचं सुधारगृह २०११ मध्ये बंद झालं आणि नंतर तिथे बेवारस कबरी सापडल्या. कादंबरीचा पाया तो. १९६० चं दशक. एल्वूड हा हुशार कृष्णवर्णीय मुलगा कॉलेजच्या वर्गाला निघालेला असतो, वाटेत लिफ्ट घेतो, ती गाडी चोरीची निघते आणि त्याची रवानगी 'निकल'मध्ये होते. तिथे त्याला टर्नर भेटतो.

चित्रपट जवळजवळ सगळा या दोघांच्या डोळ्यांतून दिसतो. कॅमेरा म्हणजे एल्वूड. माणसं लेन्सकडे बघून बोलतात. हा प्रयोग पूर्वीही झालाय आणि बहुधा फसलाय, कारण ज्याच्या नजरेतून बघतो त्याचा चेहराच दिसत नाही आणि थोड्या वेळाने ती क्लृप्ती अंगावर येते. रॉस आणि छायाचित्रकार जोमो फ्रे यांनी आधी एल्वूडचा चेहरा फक्त चोरून दाखवला: आजी इस्त्री करते त्या इस्त्रीच्या चकचकीत पत्र्यात, टीव्हीच्या दुकानाच्या काचेत. मग निकलच्या भोजनगृहात टर्नर पहिल्यांदा त्याच्याशी बोलतो. प्रसंग होतो, आणि लगेच तोच प्रसंग पुन्हा सुरू होतो, या वेळी टर्नरच्या जागेवरून. आणि समोर बसलेला असतो एल्वूड. इतका वेळ आपण ज्याच्या आत होतो तो मुलगा पहिल्यांदा पूर्ण दिसतो, बुजलेला, खांदे पाडून बसलेला.

आमच्या धंद्यात याला रिव्हर्स शॉट म्हणतात. दिवसातून शंभरदा वापरतो. अ बोलतो, कट, ब बोलतो. इतकं सवयीचं की त्यात काही अर्थ उरलाय असं वाटत नाही. या चित्रपटाने तो रिव्हर्स शॉट बराच वेळ अडवून धरला आणि मग एका मैत्रीच्या सुरुवातीला मोकळा केला. कुणीतरी आपल्याकडे बघतंय, ही गोष्ट एल्वूडच्या आयुष्यात किती मोठी आहे ते संवादाच्या एकाही ओळीशिवाय पोहोचतं.

आणखी एक जागा. आजी नातवाला भेटायला येते, भेट नाकारली जाते, समोर टर्नर असतो. ती त्यालाच मिठी मारते. कॅमेरा टर्नर असल्यामुळे आंजनू एलिस-टेलर यांचा चेहरा, खांदा, कपड्याचं कापड असं सगळं पडद्यावर चालून येतं आणि पडदा भरून जातो. मिठी बघण्याची सवय आपल्याला असते. इथे ती मिळते.

सुधारगृहातली मारहाण मात्र दिसत नाही. यंत्राचा घरघराट ऐकू येतो, मुलांच्या जुन्या फोटोंवर कॅमेरा जातो, बस्स. हिंसा न दाखवण्याची ही रीत शहाणी आहे: ज्यांच्या बाबतीत हे खरंच घडलं त्यांचे चेहरे दाखवले, त्यांच्या वेदनेचा खेळ केला नाही.

एक तक्रार नोंदवून पुढे जातो. ऑस्करमध्ये 'निकल बॉइज'ला सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि रूपांतरित पटकथा ही दोन नामांकनं मिळाली. छायाचित्रण नाही, संकलन नाही. ज्या दोन गोष्टींवर हा चित्रपट उभा आहे त्याच वगळल्या. याउलट 'एमिलिया पेरेझ'ला दोन्हींत नामांकन होतं. असो.

'आयम स्टिल हिअर' हा वरवर पाहता सरळ, जुन्या धाटणीचा चित्रपट. ब्राझीलमध्ये लष्करी राजवट होती तेव्हा, जानेवारी १९७१ मध्ये, माजी खासदार रुबेन्स पायवा यांना रिओतल्या राहत्या घरातून चौकशीसाठी नेलं. ते परत आले नाहीत, त्यांचा मृतदेहही मिळाला नाही. पत्नी युनिस यांना मुलीसह नेलं; त्या बारा दिवसांनी सुटल्या, पुढे कायद्याचं शिक्षण घेऊन वकील झाल्या, आदिवासींच्या हक्कांसाठी लढल्या. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला त्यांच्या हाती पडायला १९९६ साल उजाडलं. मुलाने, मार्सेलो रुबेन्स पायवा यांनी, लिहिलेल्या आठवणींवरून वॉल्टर सालेस यांनी चित्रपट केला. सालेस लहानपणी त्या घरात जात-येत असत.

ते घर म्हणूनच इतकं ओळखीचं वाटतं. पहिला बराच वेळ काही 'घडत' नाही. मुलं समुद्रावरून वाळूचे पाय घेऊन घरात शिरतात, कुत्रा सापडतो, गाणी लागतात, मोठी मुलगी सुपर-८ या छोट्या घरगुती फिल्म कॅमेऱ्यावर चित्रण करते. पटकथेच्या कुठल्याही कार्यशाळेत सांगतील की हे पंधरा मिनिटांत उरका आणि अटकेवर या. संकलक अफोन्सो गोन्साल्विस यांनी उरकलं नाही. त्यामुळे दारात साध्या कपड्यांतली माणसं येऊन उभी राहतात आणि पडदे ओढले जातात तेव्हा घर अंधारलं याचा धक्का आपल्यालाही बसतो. युनिस त्या माणसांना जेवायला वाढते. काय करणार दुसरं?

रुबेन्सचं पुढे काय झालं ते चित्रपट दाखवत नाही. कोठडीत युनिसला जे ऐकू येतं तेच आपल्यालाही ऐकू येतं. नंतर आइस्क्रीमच्या दुकानातला प्रसंग आहे: ती मुलांसोबत बसली आहे आणि आजूबाजूच्या टेबलांवरची कुटुंबं बघते आहे. युनिस झालेल्या फर्नांडा टोरेस यांचा चेहरा, दुसरी टेबलं, पुन्हा चेहरा. नवरा परत येणार नाही हे तिला तिथे कळलंय आणि मुलांना अजून कळलेलं नाही, हे या दोन-तीन कट्समध्ये आहे. आणि मग तो फोटो. मासिकाचा छायाचित्रकार कुटुंबाचा फोटो काढायला येतो. त्याला सांगून पाठवलंय की चेहरे जरा गंभीर हवेत. युनिस मुलांना म्हणते, हसा. मुलं हसतात. राजवटीला तिने दिलेलं याहून मोठं उत्तर चित्रपटात दुसरं नाही.

शेवटी म्हाताऱ्या, स्मृती गेलेल्या युनिसच्या भूमिकेत टोरेस यांच्या आई फर्नांडा मोंटेनेग्रो येतात. एकही संवाद नाही. टीव्हीवर बेपत्ता झालेल्या माणसांची बातमी लागते, आणि त्या नजरेत काहीतरी हलतं. तो शॉट किती धरलाय ते बघा. ब्राझीलला परभाषिक चित्रपटाचा पहिला ऑस्कर यामुळे मिळाला. मला विचाराल तर या एका शॉटवरच द्यायला हवा होता.

'कोट्टुकाळी' फार कमी लोकांनी पाहिला. पी. एस. विनोदराज यांचा तमिळ चित्रपट. त्यांच्या 'कूळंगल'ला रॉटरडॅम महोत्सवात २०२१ चा टायगर पुरस्कार मिळाला होता. मीना नावाच्या मुलीला भूत लागलंय असं ठरवून (खरं तर ती कुणावर तरी प्रेम करते) सगळं घर तिला रिक्षात घालून एका भगताकडे निघतं. चित्रपटभर प्रवास. पार्श्वसंगीत अजिबात नाही. मीना झालेली ॲना बेन जवळजवळ बोलतच नाही. पार्श्वसंगीत काढून टाकणं म्हणजे काय ते संकलकाला विचारा. संगीत हे आमचं पांघरूण. कट उघडा पडला की त्यावर ओढायचं. इथे पांघरूणच नाही, त्यामुळे प्रत्येक कट उघड्यावर आहे आणि एकही शरमेने मान खाली घालत नाही. रस्ता अडवून उभ्या असलेल्या बैलापुढे सगळे पुरुष हतबल होतात आणि एक लहान मुलगी येऊन त्याला बाजूला घेऊन जाते, हा प्रसंग नुसता लांबून पाहायला लावलाय. शेवट उघडा आहे. काहींना तो फसवणूक वाटला. मला वाटला नाही, कारण निर्णय आता मीनाच्या हातात नाही, तिला घेऊन आलेल्या माणसाच्या हातात आहे, आणि तिथेच थांबणं रास्त आहे.

'अनोरा'ला जे मिळालं ते सर्वांना माहीत आहे: कानचा सर्वोच्च पुरस्कार पाम द'ओर, मग पाच ऑस्कर, त्यांतले चार एकट्या शॉन बेकर यांचे. एका चित्रपटासाठी एका माणसाने चार जिंकण्याची ही पहिलीच वेळ. त्यांतला एक संकलनाचा, कारण बेकर आपले चित्रपट स्वतःच कापतात. दिग्दर्शकाने स्वतः संकलन करू नये असं माझं एरवीचं मत. आपल्या शॉटवर माया असलेला माणूस कात्री नीट धरत नाही. बेकर अपवाद आहेत. न्यूयॉर्कमधली एक नर्तकी रशियन धनाढ्याच्या मुलाशी लग्न करते आणि ते मोडायला त्याच्या घरात तीन माणसं घुसतात, तो मधला प्रसंग अर्ध्या तासाच्या घरात जातो. त्यात मारामारी आहे, विनोद आहे, भीती आहे, आणि त्या आरडाओरड्यात तिघांतल्या गप्प राहणाऱ्या इगोरवर कॅमेरा पुन्हा पुन्हा जातो. पहिल्या वेळी ते लक्षात येत नाही. शेवटचा, गाडीतला प्रसंग ज्यावर उभा आहे ते वीट-वीट करून इथेच रचलं जातं. त्या शेवटाला संगीत नाही, बाहेर बर्फ आणि वायपरचा आवाज.

'द सीड ऑफ द सेक्रेड फिग' मोहम्मद रसुलोफ यांनी इराणमध्ये लपूनछपून चित्रित केला. आठ वर्षांची कैद आणि फटक्यांची शिक्षा सुनावल्यावर ते मे २०२४ मध्ये डोंगर ओलांडून देशाबाहेर पडले आणि त्याच महिन्यात कानला पोहोचले. २०२२ मध्ये महसा अमिनी या तरुणीच्या पोलीस कोठडीतल्या मृत्यूनंतर पेटलेलं आंदोलन, आणि त्या काळात बढती मिळून तपास अधिकारी झालेल्या माणसाचं घर. त्यात मोबाइलवरचे खरे व्हिडिओ आहेत, उभ्या चौकटीतले. घरातली आडवी, नेटकी फ्रेम आणि मुलींच्या फोनमधली उभी, थरथरणारी फ्रेम यांची गाठ घालणं हे सगळं संकलन अँड्र्यू बर्ड यांचं. आई चिमट्याने एका मुलीच्या चेहऱ्यातले छर्रे काढते तो क्लोजअप बघवत नाही, आणि तो हलतही नाही. पावणेतीन तासांच्या वर लांबी आहे. शेवटचा पाठलाग मला थोडा पटकथेने ओढून आणल्यासारखा वाटला, पण तोवर चित्रपटाने ती सवलत कमावलेली असते.

'फ्लो' लात्वियाचा. पाणी चढत जातं, मांजर नावेत चढते, सोबत कॅपिबारा, लेमूर, कुत्रा आणि एक मोठा पक्षी. एकही शब्द नाही. दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोडिस यांनी तो ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरवर केला. आवाज खऱ्या प्राण्यांचे आहेत. अपवाद कॅपिबाराचा, कारण खऱ्याचा आवाज फारच किनरा निघाला, म्हणून उंटाच्या पिल्लाचा वापरला. ॲनिमेशनमध्ये संकलन आधी होतं आणि चित्र नंतर. प्रत्येक सेकंदाला पैसे पडतात, म्हणून शॉट छोटे ठेवायची पद्धत. झिल्बालोडिस यांचा कॅमेरा मात्र मांजरीच्या मागे कितीतरी वेळ न तुटता फिरतो, वळतो, कधी मागे राहतो, जणू तोही पाण्यातून वाट काढतोय.

राहिला 'द ब्रूटलिस्ट', अमेरिकेत आलेल्या एका वास्तुरचनाकाराची गोष्ट. ब्रेडी कॉर्बेट यांनी तो व्हिस्टाव्हिजन या जुन्या, मोठ्या फ्रेमच्या फिल्म पद्धतीवर चित्रित केला, लांबी साडेतीन तासांच्या वर, मध्ये पंधरा मिनिटांची विश्रांती चित्रपटाचाच भाग म्हणून, पडद्यावर लग्नाचा फोटो आणि उलटं मोजणारं घड्याळ. विश्रांतीआधीचा भाग अप्रतिम. नंतर मात्र जे आधी दगडातून आणि चेहऱ्यांतून कळत होतं ते पात्रं बोलून दाखवू लागतात, आणि १९८० च्या उपसंहारात तर वास्तूंचा अर्थ चक्क भाषणात समजावला जातो. हाच चित्रपट माझ्या टेबलावर आला असता तर तो उपसंहार राहावा की जावा यावर कडाक्याचं भांडण झालं असतं.

'कॉन्क्लेव्ह' आणि 'ड्यून'चा दुसरा भाग का नाही, असंही कुणी विचारेल. दोन्ही बघताना खुर्ची सोडवत नाही. महिनाभराने आठवायला बसलो तर 'कॉन्क्लेव्ह'मधले लाल झगे आठवतात, माणूस एकच. 'ड्यून'चा आवाज आठवतो. यादीसाठी तेवढं पुरलं नाही.

ज्यांना स्वतःची यादी करायची आहे त्यांना एकच सांगणं: डिसेंबरात करू नका. डिसेंबरात नुकतं पाहिलेलं वर येतं आणि मार्चात पाहिलेलं बुडतं. चित्रपट पाहिला त्या रात्री त्यातला एक शॉट दोन ओळींत लिहून ठेवा, तारे-बिरे देऊ नका. वर्ष सरल्यावर त्या ओळी वाचा. ज्या वाचून शॉट पुन्हा डोळ्यांपुढे येतो तो चित्रपट ठेवा, बाकीचे सोडा.

कुठून सुरू करायचं, तर मुलं सोबत असतील तर 'फ्लो'. एकटे असाल आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवायची तयारी असेल तर 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'. 'निकल बॉइज' शक्य तितक्या मोठ्या पडद्यावर आणि एका बैठकीत. पहिली वीसेक मिनिटं डोळ्यांना त्रास होईल, उठू नका. 'कोट्टुकाळी' बघताना आवाज वाढवून ठेवा, संगीत नाही म्हणजे ऐकायला काही नाही असं नाही. 'द ब्रूटलिस्ट' पाहिलात तर विश्रांतीची पंधरा मिनिटं पुढे ढकलू नका, आणि उपसंहाराबद्दल तुमचं मत वेगळं असेल तर जरूर कळवा.